हरणाचं निर्माल्य

ओढ्यात हरणाचे अवशेष सापडणं आम्हाला नवीन नव्हतं. शिकारीचा मोसम सुरू झाला की ओहायोत आमच्या भागातल्या प्रत्येक पुलाखाली कोणी ना कोणी आपलं ओझं हलकं करून जातं. मांस सोडवून घ्यायचं, फ्रीजर भरायचा आणि उरलेलं, म्हणजे मणका, फासळ्या, पायांची हाडं, कातडं, मुंडकं, सगळं पोत्यात भरून पुलावरून खाली. खाणारा मोकळा. निस्तरणार कोण? आम्ही.

आम्ही म्हणजे ओढा सांभाळणारी एक छोटीशी संस्था. तिच्यात पगारी माणूस एकच, ती मी. बाकी सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त, सगळे रबरी बुटांतले. मी पत्रकं लिहिते. शाळेत असल्यापासून लिहितेय. पुण्यात गणपतीच्या दिवसांत नदीच्या घाटावर उभ्या राहून ‘निर्माल्य पाण्यात नको, कलशात टाका’ असं लोकांच्या तोंडावर सांगणाऱ्या आगाऊ मुली असतात ना, त्यांतली मी एक. बायका माझ्या डोळ्यांत बघत पिशवी पाण्यात सोडायच्या. पत्रकही घ्यायच्या, कधीकधी त्याच पिशवीत घालायच्या. पुढे शिकायला अमेरिकेत आले तरी सवय सुटली नाही. निर्माल्याच्या जागी हरीण आलं, एवढंच.

आणि हे नुसतं घाणीचं प्रकरण नाही. इथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आलाय. हरीण वाळत जातं, लाळ गाळत, मान टाकून नुसतं उभं राहतं आणि मरतं. त्या रोगाचं मूळ मेंदूत आणि मणक्यात असतं. ते उकळून जात नाही, गोठून जात नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून नियम साधा आहे. उरलेलं दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या, ते शहराबाहेर भरावात गाडलं जाईल. नाहीतर हरीण जिथे मारलं त्याच जमिनीत, पाण्यापासून लांब, खोल पुरा. उघड्यावर टाकू नका, पाण्यात तर मुळीच नको. यात न समजण्यासारखं काय आहे? हे शेवटचं वाक्य मी पत्रकातही घातलं होतं. ते आमच्या अध्यक्षांनी काढायला लावलं.

त्या शनिवारी एका शेतकरीण बाईचा फोन आला. सत्तरी ओलांडलेली बाई, नवरा गेल्यापासून मका आणि सोयाबीन स्वतःच बघते. तिच्या शेतातून आमचा ओढा जातो आणि तिच्या ओळखीच्या चार माणसांना ती तिथे शिकार करू देते. तिच्या कुत्र्यानं कुठून तरी हरणाचा पाय ओढून आणला होता, अंगणात बसून चघळला होता आणि आता ते ओकून ओकून आडवं झालं होतं. ओढ्यात काय पडलंय ते येऊन बघा, ती म्हणाली. आणि ज्याचं काम असेल तो सापडला नाही तर पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनाच बंदी.

मी आणि आमचे अध्यक्ष गेलो. अध्यक्ष म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी, उंच, मऊ बोलणारे. पुलाखाली पाणी उथळ होतं. कातडं एका मुळात अडकलं होतं, फासळ्या गाळात रुतल्या होत्या. हे नेहमीचं. पण मुंडकं फेकलेलं नव्हतं. एका सपाट दगडावर ते नीट ठेवलं होतं, तोंड पाण्याकडे करून. कपाळावर पिवळा पट्टा, पट्ट्याच्या मध्ये लाल. शेजारी झेंडूची दोन फुलं आणि चिमूटभर तांदूळ.

गुरुजींनी फोटो काढले. मग मला म्हणाले, आवाज खाली आणून, की हा काहीतरी विधी दिसतोय, कुठल्या तरी पंथाचा. त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता, काळजी होती. पोलिसांना कळवायला हवं आणि फोटो आजच गावाच्या पेजवर टाकायला हवा, कोणाला तरी माहीत असेल.

ते पेज मला चांगलं ठाऊक आहे. तिथे हरवलेली मांजरं असतात, शेजाऱ्यांच्या फटाक्यांवरून भांडणं असतात, आणि आपल्या मंदिराच्या पार्किंगचा विषय निघाला की काय काय लिहिलं जातं ते मी जेवताना वाचत नाही. या फोटोखाली काय येईल ते मला तिथेच, चिखलात उभ्या उभ्या, शुद्धलेखनाच्या चुकांसकट दिसायला लागलं. प्राणी मारून बळी देणारे लोक. आमच्या पोरांच्या शाळेशेजारी राहणारे. एका हरणासाठी सगळं मंदिर ओढ्यात.

मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा, मी नीट लिहून देते. ते बरं म्हणाले. पत्रकबाज माणसाच्या शब्दाला एवढी किंमत असते.

मला राग आला होता आणि तो दोन तोंडांचा होता. एक त्या पेजवरच्या न लिहिलेल्या कॉमेंट्सचा. दुसरा ज्यानं हे केलं त्याचा. कारण ते घर कुठलं हे मला त्या क्षणी कळलं होतं. आमच्या पंचक्रोशीत शिकार करणारी मराठी माणसं किती असणार? एकच.

काका मूळ नागपूरचे, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलमधल्या मित्रांनी त्यांना पहिल्यांदा रानात नेलं आणि ते तिथलेच झाले. ओहायोतल्याच डब्लिनमधल्या त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये गाड्या कधीच नसतात. तिथे लांब टेबल, सुऱ्या, दुसरा फ्रीजर, दुसरी शेगडी आणि सावजी मसाल्याचे डबे. कारण काकू पुण्याच्या आणि पक्क्या शाकाहारी. मांस गॅरेजच्या दारातून घरात येत नाही आणि काकू त्या दारातून गॅरेजमध्ये जात नाहीत, असा त्यांचा संसाराचा करार. मी या देशात उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला हे दोघं आले होते. आजही माझा रविवार त्यांच्याकडे असतो. मी त्या दिवशी शनिवारीच गेले.

काका गॅरेजमध्ये मांडीचा तुकडा साफ करत होते. मला बघून खूश झाले. “काय करून राहिली गं आज इकडे? रविवार व्हायचाय अजून.”

मी फोन समोर धरला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

“हे तुझ्या काकूचं डिपार्टमेंट आहे,” ते म्हणाले. “मी नुसता ड्रायव्हर.”

मला वाटलं, बायकोवर ढकलतायत. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. दारातच थांबल्या आणि उंबऱ्यावरून हात लांब करून कप दिले, नेहमीसारखे. मी फोन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

“कुंकू ओघळलंय,” त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. गॅरेजच्या दारात उभं राहून, एक पाय आत, एक पाय नाही. पूर्वी काका उरलेलं सगळं काळ्या पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, नियमाप्रमाणे. एका सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. गाडीच्या लोखंडी हातानं डबा उचलला, उलटा केला आणि पिशवी फाटून हरणाचा पाय बाहेर लोंबला. खूर दिसत होता, काळा, नीट, चिरलेल्या बदामासारखा. वर शेजाऱ्यांचे डायपर पडले, पिझ्झाची खोकी पडली. मग यंत्रानं सगळं एकत्र दाबलं. त्याचा आवाज झाला. काकूंनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

त्यांनी काकांना शिकार सोडा म्हटलं नाही. ते म्हणायचा त्यांचा स्वभाव नाही. ही हरणं त्यांच्या रोजच्या बघण्यातली असतात. त्यांची जास्वंदीची कुंडी खातात, गुलाबाच्या कळ्या खातात, काकू काठी घेऊन धावतात आणि ती कुंपणापाशी उभी राहून बघतात. त्यांतलंच एखादं नसेल कशावरून, त्या म्हणाल्या. तर त्यांनी एवढंच सांगितलं, की खायचं तर खा, पण उरलेलं कचऱ्यात नाही. जिथून आणलं तिथे नेऊन ठेवायचं, वाहत्या पाण्यात. तेव्हापासून दर मोसमात काका गाडी चालवतात आणि काकू शेजारच्या सीटवर हळदीकुंकवाची डबी घेऊन बसतात.

“देवाला वाहिलेलं फूल आपण डस्टबिनमध्ये टाकतो का?” त्यांनी मला विचारलं.

या प्रश्नावर मी पुण्याच्या घाटावर कितीतरी वेळा भांडले होते. तिथे माझ्याकडे उत्तर होतं, लोखंडी कलश होता, त्यावर ओम होता. इथे नुसता राग होता. मग मी रागच वापरला. मेंदूचा रोग सांगितला. मणका सांगितला. त्याच ओढ्याचं पाणी पिणारी हरणं सांगितली, म्हणजे तुम्ही ज्यांची पाठवणी करताय त्यांच्याच पोरांना विष घालताय. शेवटी कुत्र्याचं सांगितलं. काकूंनी दाराची चौकट धरली.

काकांकडे वळून मी म्हटलं, काकूंना माहीत नव्हतं, पण तुम्ही डॉक्टर आहात. ते खाली बघत सुरी पुसत होते, पुसलेलीच पुसत होते. वाहतं पाणी आहे, म्हणाले, जातं वाहून. असं पेशंटला कधी सांगितलं असतंत का, मी विचारलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, यापुढे डबल बॅग, कचऱ्याची गाडी, मामला खतम. तो फोटो डिलीट करून टाक.

मला त्यांची दया आली आणि तिडीकही. फोटो माझ्या एकटीकडे नाही, मी सांगितलं. सोमवारी तो पेजवर जाईल. लोक तुमचं नाव घेणार नाहीत काका, तुमचं नाव त्यांना माहीत नाही. मंदिराचं माहीत आहे. शाळेत टिकली लावून जाणाऱ्या पोरीचं माहीत आहे. आणि ती बाई उरलेल्या सगळ्या शिकाऱ्यांनाही बंदी करणार आहे, तुमच्यापायी.

काकूंनी दाराची चौकट सोडली.

“त्या बाईंना मी सांगते,” काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, तू कशाला, मी जातो, ओळख माझी आहे.

“गोळी तुमची,” काकू म्हणाल्या, “हळद माझी. त्यांना हळदीचंच कोडं पडेल.”

आणि त्या गॅरेजमध्ये उतरल्या. चपला घालून, टेबलाला वळसा घालून, त्या मांडीकडे न बघता बाहेर गाडीकडे गेल्या. करार मोडल्याचं आम्हा तिघांच्याही लक्षात आलं.

शेतावर बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि कुत्रं टेबलाखाली होतं, उठून वास घेण्याइतपत बरं झालेलं. काकूंनी बसायच्या आधीच सांगितलं, की ते माझं काम आहे. हळद म्हणजे काय ते सांगितलं. नवरीला लावतो, देवाला लावतो, कोणालाही मानानं निरोप द्यायचा तर लावतो. शाप नाही, जादू नाही, तुमच्या जमिनीचं वाईट चिंतलेलं नाही. काकूंचं इंग्रजी मुद्देसूद आहे. कॅशियरशी बोलतात तसंच देवाबद्दल बोलतात.

बाईंनी ऐकून घेतलं आणि मग काकांना धारेवर धरलं. माझ्या रानात तुम्ही इतकी वर्षं येता, मी कधी काही म्हटलं का? आणि तुम्ही माझ्याच पाण्यात आणून टाकता? डॉक्टर ना तुम्ही? काका शाळकरी मुलासारखे टोपी हातात घेऊन उभे होते. मला आतून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी बोलले असते त्याहून ते चांगलं होतं.

मग बाई काकूंना म्हणाल्या, इतर लोक टाकतात तसं कचऱ्यात का नाही टाकलं? काकूंनी त्या खुराची गोष्ट सांगितली, यंत्राच्या आवाजासकट.

बाईंनी टेबलाखाली हात घालून कुत्र्याचं डोकं खाजवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या की त्यांच्या नवऱ्याची म्हातारी घोडी मेली तेव्हा तिला न्यायला ट्रक आला होता, साखळी लावून ओढून चढवतात. ट्रकचा आवाज येईनासा होईपर्यंत त्या आत जाऊन भांडी घासत बसल्या. ट्रक कुठे गेला हे त्यांनी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

पण निकाल त्यांनी सौम्य केला नाही. ओढ्यातलं एकूण एक हाड काकांनी स्वतः काढायचं. यंदाचा मोसम त्यांना बंद, पुढचं पुढे बघू. बाकीच्यांना बंदी नाही, कारण माणूस सापडला. आणि कुंपणाच्या कडेला, ओढ्यापासून लांब, उंचावर, बाई स्वतः ट्रॅक्टरच्या खोऱ्यानं एक खोल खड्डा खणून देतील. इथे मारलेलं इथेच जाईल. ज्यांना कचऱ्याची गाडी नको असेल त्या सगळ्यांसाठी.

अंगणात आल्यावर काकूंनी माझा दंड धरला. “पुरायचं? आपण पुरत नाही गं.”

माझ्याजवळ मातीच्या थरांची माहिती होती, भूजलाची होती. याची नव्हती.

“लहान लेकरांना पुरतात,” काका म्हणाले. “संन्याशाला पुरतात.”

“मग हे दोन्हीतलं काय?”

काकांनी विचार केला. “पाला खाऊन हिंडत होतं बिचारं. घर नाही, दार नाही, बँक बॅलन्स नाही. संन्यासीच म्हण.”

“हो,” काकू म्हणाल्या, “तुमच्या गोळीनं समाधी घेतलेला.”

पण त्या शब्दानं त्यांचं समाधान झालं, हे मला चेहऱ्यावरून दिसलं.

संध्याकाळी मी गुरुजींना फोन करून सगळं सांगितलं, माणसं कोण तेही. ते म्हणाले, माझे लांब रबरी बूट आहेत, डॉक्टरांच्या मापाचे असतील तर दोन जोड आणतो.

पेजवर फोटो गेला नाही. मी चार ओळी लिहिल्या, की ओढ्यात अवशेष टाकणारे स्वतः पुढे आले, ते स्वतःच काढतायत, आणि नियम असा आहे. खाली मोजक्या कॉमेंट्स आल्या, एक मांजराबद्दल. माझ्या पत्रकातलाही एक शब्द मी बदलला. ‘हरणाचा कचरा’ असं होतं, तिथे ‘हरणाचे अवशेष’ केलं. मी मवाळ झालेले नाही. पाण्यात टाकणाऱ्याला मी अजूनही पुलावरच गाठेन. पण कचरा म्हटलं की काही माणसं ऐकायचंच बंद करतात, आणि ती माणसं वाईट असतातच असं नाही.

पुढच्या शनिवारी काका आणि गुरुजी ओढ्यात उतरले. थंडी कडाक्याची होती. दोघे म्हातारे हातमोजे घालून गाळात वाकून फासळ्या वेचत होते आणि गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते, कोणत्या सर्जननं केलं, कोण बरा. सगळं पिशव्यांतून वर नेऊन खड्ड्यात घातलं, मुंडकं सर्वांत शेवटी. काकूंनी त्याला पुन्हा हळद लावली. गुरुजी शेजारी उभे राहून बघत होते. मग त्यांनी थेट काकूंना सांगितलं, की फोटो काढताना माझ्या मनात भलतंच आलं होतं.

“मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. आणि रागावलेल्या नाहीत हे कळावं म्हणून पिशवीतून एक झेंडू काढून त्यांच्या हातात दिला. तो खड्ड्यात टाकायचा की घरी न्यायचा हे गुरुजींना कळेना. शेवटी त्यांनी तो कोटाच्या खिशात ठेवला.

बाईंनी ट्रॅक्टर चालू केला. काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला वाटलं, आता मंत्र. पण त्यांनी कोटाच्या आतून पाण्याची एक प्लास्टिकची बाटली काढली. सकाळीच ओढ्यावर जाऊन भरून आणली होती, कोणाला न सांगता. हाडं पाण्यात जायची नाहीत हे त्यांनी मान्य केलं होतं. पाणी हाडांपर्यंत जायचं नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं. मी नियम आठवून पाहिला. खरंच कोणी म्हटलं नव्हतं.

मुंडक्यावर पाणी पडलं तशी हळद पुन्हा ओघळली, डोळ्यांच्या खाचांतून खाली. काकूंनी ती तशीच राहू दिली. बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी बूच लावलं, नमस्कार केला आणि बाटली हाडांशेजारी ठेवायला खाली वाकल्या.

“काकू,” मी म्हटलं, “ती इकडे द्या.”